एरिक लिडेलचं रग्बी कुणी सांगतच नाही

संपादक महोदय, स.न.

ऑलिम्पिकचा विषय निघाला की एरिक लिडेलची गोष्ट येतेच, रविवारी धावणार नाही म्हणून १०० मीटर सोडली आणि १९२४ ला पॅरिसमध्ये ४०० मीटरचं गोल्ड ४७.६ सेकंदांत मारलं वगैरे, पण हा माणूस त्याआधी स्कॉटलंडच्या रग्बी टीमचा विंगर होता हे कुणी लिहीतच नाही आणि मला ते खरंच खटकतं. एडिनबरा युनिव्हर्सिटीत शिकता शिकता १९२२ आणि १९२३ मध्ये तो देशासाठी ७ मॅच खेळला. विंगर म्हणजे अगदी कडेला उभा राहणारा, बॉल हातात आला की लाइनलगत सुसाट पळायचं, समोरचा पाडायलाच टपलेला! १९२३ ला कार्डिफमध्ये वेल्सला ११-८ हरवलं त्यात त्याचाही एक ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं, त्याचे पॉइंट मिळतात) होता. तेव्हा रग्बीत पैसे नव्हतेच, सगळे हौशी. मग ऑलिम्पिकसाठी त्याने रग्बीच सोडलं, आणि १९२५ ला मिशनरी म्हणून चीनला गेला, जन्मही तिथलाच, तिएनत्सिनचा. १९४५ मध्ये जपान्यांच्या छावणीत कैदेत असतानाच गेला, वय फक्त ४३. पुढच्या वेळी त्याच्यावर छापाल तेव्हा या ७ मॅचेसना प्लीज दोन ओळी तरी द्या.

एक वाचक, पुणे