धोंडसाच्या कुळातले मफिन

पुणे, १५ जून

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात लांज्याला आले होते, तेव्हा दादाने आणून दिलेल्या ओव्हनवर लोणच्याची बरणी ठेवलेली आणि त्याच्या दारावरचे प्लॅस्टिकही अजून तसेच असलेले मी पाहिले. तेव्हा काही बोलले नाही; पण परत आल्यापासून दर रविवारी वेगवेगळ्या चवींचे मफिन करून पाहिले, आणि त्यांतले जे जमले व जे फसले ते दोन्ही आता सविस्तर लिहिते आहे. फोनवर सांगितले तर आई "हो, हो" म्हणते आणि प्रमाण विसरते, म्हणून हा कागद.

आई, आधी एक कबुली देते. कितीतरी वर्षे मी तू शिकवल्याप्रमाणे पीठ एकाच दिशेने मन लावून फेटत राहिले, आणि माझे मफिन वरून टोकदार, आतून बोगदे पडलेले आणि चावायला चिवट होत राहिले. तू कुकरमध्ये वाळू घालून केक करायचीस, त्यात लोणी आणि साखर फेटून हवा भरावी लागे, म्हणून तिथे ती सवय योग्यच होती. मफिनमध्ये फुगवण्याचे काम सोडा आणि बेकिंग पावडर करतात. ओला मैदा जितका फेटावा तितका त्यातला चिकटपणा वाढत जातो, आणि खुसखुशीतपणा जातो. तेव्हा कोरडे जिन्नस एका पातेल्यात, ओले दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र करून कालथ्याने दहा-बारा वेळा वरखाली करायचे आणि थांबायचे. चार गुठळ्या राहिल्या तरी हात आवरायचा. हे उमगले त्या दिवशी मला तुझे धोंडस आठवले. जून तवसे, ती मोठी काकडी, किसून त्यात भाजलेला रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून तू ते हाताने नुसते कालवायचीस आणि वर-खाली निखारे ठेवून भाजायचीस. ते तू कधी फेटलेस? मफिन त्या कुळातले आहे, केकच्या नव्हे, एवढे मनात धरलेस तर बाकी सारे तुला येतेच.

बारा मफिनसाठी दोन वाट्या मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात एक वाटी ताजे दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल आणि अर्धी वाटी दूध एकजीव करावे. वाटी सगळ्याला एकच, आपली आमटीची नव्हे, तर मी सोबत पाठवते आहे ती मापाची. चमचाही तिच्यातच ठेवला आहे. ओव्हन आधी तापवून ठेवावा आणि मगच ओले-कोरडे एकत्र करावे, कारण दह्याच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की लगेच वायू सुटू लागतो आणि पीठ तसेच ताटकळले तर तो निघून जातो. कागदी वाट्या पाऊण भरून पहिली पाच मिनिटे २०० अंशांवर आणि पुढची साधारण पंधरा मिनिटे १८० अंशांवर भाजावे. काडी टोचून कोरडी निघाली की झाले.

बाबा, यात अंडे नाही, त्यामुळे तुम्हाला चातुर्मासातही चालेल. तुम्हाला प्रत्येक गोष्टीचे मूळ विचारायची सवय आहे म्हणून सांगते, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये आपली बेकिंग पावडर तयार केली, ती बायकोला यीस्ट सोसत नसे म्हणून. तुमच्यासाठी अर्धी नाचणी आणि अर्धी कणीक घेऊन गुळाचे मफिनही केले. नुसत्या नाचणीचे भुगा होतात. गूळ घातला म्हणून रक्तातली साखर वाढत नाही, असे मात्र समजू नका, दिवसाला एकच.

चवींपैकी केळ्याचे सर्वांत सोपे. साल काळी पडलेली, कुणी हात लावणार नाही अशी दोन केळी कुस्करून घालावीत आणि साखर निम्मी करावी. संत्र्याच्या सालीचेही छान होतात, फक्त किसताना पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडू लागतो.

आंब्याने मला दमवले. रस घातला की रंग सुरेख येई, पण भट्टीच्या आचेत हापूसचा वास उडून जाई आणि उरे ती नुसती गोडी. शेवटी तू दिलेल्या साठाचे, म्हणजे आंबापोळीचे, बारीक तुकडे पिठात मिसळले आणि दुधाऐवजी आटवलेला रस घेतला, तेव्हा कुठे तोंडात आंबा आला. साठ भाजल्यावर जरा चिवट, मुरंब्यासारखे होते, ते फार छान लागते.

जांभळाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. बिया काढून गराच्या फोडी घातल्या, मफिन टुमदार फुगले, आणि एक फोडून पाहते तो प्रत्येक फोडीभोवती शेवाळी-निळे कडे! तुमच्या नातवाने दोन बोटांनी ते लांब धरून विचारले, "याला बुरशी आली का?" जांभळाचा रंग आंबटात तांबूस राहतो आणि सोडा जास्त झाला की निळा-हिरवा होतो, आई, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसेच हे. पुढच्या खेपेला सोडा पाव चमचा केला, पिठात अर्धे लिंबू पिळले आणि फोडी कोरड्या मैद्यात घोळवून घातल्या. कडे गेले, फोडी तळाशीही बसल्या नाहीत. नातवाने मात्र अजून त्याला हात लावलेला नाही.

पावसात तिकडे वीज जाते, याचा विचार मी केला आहे. मफिन आत असताना वीज गेली तर दार उघडू नका. दहा मिनिटांत आली तर निभावते. पीठ अजून कालवायचे असेल तर सरळ कुकर आणि वाळू काढा, साचे त्यात चार बसतात.

वाटी, चमचा, कागदी वाट्या आणि नाचणीचे सहा मफिन असा डबा शनिवारच्या एस.टी.ने येईल; स्टँडवर दादाने जावे, बाबांनी नव्हे. रिकाम्या डब्यात साठ भरून पाठवा, माझ्याकडचे संपले. आणि परसातली तवशी जून झाली की एक माझ्यासाठी ठेव, त्याचे मफिन मला तुझ्यासमोर करायचे आहेत.

तुमची,
धाकटी