बंड्या, फेस आला

नाशिक, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सव्वा वर्षात तुला एक ओळ नाही. मोबाइलवर सकाळची फुलं धाडतो, ती हिशेबात धरू नकोस. इकडे सगळे बरे. सुमनचा गुडघा तसाच, माझी एक दाढ काढली.

आता मुद्द्याचं. दिवाळीनंतर लघवीला फेस यायला लागला. काम करून तोंडाला फेस यावा अशी माझी कधीच ख्याती नव्हती. तो भलतीकडे आला. साखर नाही म्हणून निर्धास्त होतो. तपासणीत प्रेशर १५८/९६, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळायचा रक्तातला कचरा, १.३. त्याखाली लाल रेघसुद्धा नव्हती, मी खूश. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, वय धरून हिशेब केला तर किडनीचा गाळण्याचा वेग बासष्टवर आलाय, आणि लघवीतून प्रथिनं जातायत." त्या प्रथिनाचा, अल्ब्युमिनचा, आकडा तीसच्या आत हवा, माझा १८०.

त्यांनी समजावलं ते असं. एकेका किडनीत दहाएक लाख गाळण्या. जन्मानंतर नवी एकही बनत नाही आणि चाळिशीनंतर त्या आपोआप कमी होत जातात. इकडे माझं वजन सत्तरवरून चौऱ्याण्णव. म्हणजे खानावळीत आचारी निवृत्त होतायत आणि पंगत वाढतेय. उरलेल्या गाळण्या जास्त राबतात, फुगतात, मग वण पडून बंद होतात. पोटातली चरबी किडनीला दाबते, शरीर मीठ धरून ठेवतं, प्रेशर चढतं. प्रेशर बारीक रक्तवाहिन्या कडक करतं, आणि बिघडलेली किडनी प्रेशर आणखी चढवते. तुझ्या दोन चुलत्यांच्या भांडणासारखं, सुरुवात कोणी केली हे शोधून उपयोग नाही. वर मी सुमनच्या डब्यातली डायक्लोफेनॅक, ती दुखण्यावरची गोळी, कंबरेसाठी खात होतो. तीही किडनीला वाईट म्हणून बंद करवली.

हे सगळं ऐकताना मला एकच दिसत होतं: तुझ्या स्कूटरवर मागे बसलेले अण्णा. सोमवार-गुरुवार डायलिसिस, डाव्या हातावर पट्टी. डोकं दुखेल त्याच दिवशी ते प्रेशरची गोळी घ्यायचे. मी नागपुरातून फोनवर ओरडायचो. बंड्या, गेली चार वर्षं मीही तेच करतोय.

आणि ते लोणचं. तू त्यांच्या ताटातली फोड उचललीस आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तू कोण आमच्या घरचा?" तू हात धुवून उठलास. मशीनजवळ चार-चार तास बसणारा तू, आणि मी दिवाळीला चार दिवस येणारा मुलगा. चूक माझी होती. फोड तुझ्याच आईच्या बरणीतली होती, हे मात्र मागे घेत नाही.

आता प्रेशरची गोळी टेल्मिसार्टन रोज, पापड-लोणचं बंद, वजन ब्याण्णव. आहे ते बराच काळ टिकवता येईल म्हणतात. अण्णांना कळलं तेव्हा टिकवण्यासारखं उरलंच नव्हतं. सुमनला फक्त "प्रेशर थोडं जास्त" एवढंच सांगितलंय. तू फोनवर बोलून बसू नकोस.

मन्याचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन. वरच्या मजल्याचा स्लॅब पडला का? वहिनींना नमस्कार.

एक विचारायचं राहिलं, चौदा वर्षं राहिलं. त्या चार तासांत अण्णा काय बोलायचे रे? माझ्याबद्दल असेल तर तेही लिही. फोनवर नको, लिहूनच पाठव.

तुझा,
जाड्या