मागील सभेचे इतिवृत्त वाचल्याशिवाय कायम करू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव महापालिकेची सर्वसाधारण सभा झाली की दुसऱ्या दिवशीच्या आपल्या अंकात तिचा सविस्तर वृत्तांत येतो. महापौरांच्या आसनासमोर कोणी ठिय्या मारला, कोणत्या अधिकाऱ्याला नगरसेवकांनी धारेवर धरले, सत्ताधारी आणि विरोधी गटांत कशावरून जुंपली, हे सर्व आम्ही वाचक आवडीने वाचतो आणि त्यात गैर असे काही नाही. परंतु कोणत्याही स्थानिक संस्थेच्या सभेत आरंभी जो विषय घेतला जातो, म्हणजे ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, अर्थात गेल्या सभेच्या लेखी नोंदीला मान्यता देणे, त्याच्याविषयी वृत्तांतात सहसा एक ओळही नसते. याचा दोष बातमीदारांना देता येत नाही, कारण सभागृहांतूनही त्या विषयावर फारसे कोणी बोलत नाही. चार-दोन बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. माझ्या मते संपूर्ण विषयपत्रिकेतील सर्वांत महत्त्वाचा विषय हाच आहे आणि तो उरकून टाकण्याची पद्धत आपल्या महापालिकेने तरी सोडावी, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

सभागृहात जे बोलले जाते तो निर्णय नसतो. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव कोणत्या शब्दांत झाला, विरोध कोणी नोंदवला आणि दुरुस्ती सुचवली गेली असल्यास ती स्वीकारली की फेटाळली, हे कौन्सिल विभागाने लिहून काढल्यावर आणि पुढच्या सभेने त्या लिखाणाला मान्यता दिल्यावर जे उरते, तेच कायद्याच्या दृष्टीने सभागृहाचे म्हणणे. आयुक्त अंमलबजावणी करतात ती त्या लिखाणाची, सरकारकडे मंजुरीसाठी जातो तो त्याचाच उतारा आणि उद्या कोणी न्यायालयात गेले तर तेथेही नगरसेवकाचे भाषण उपयोगी पडत नाही, प्रोसिडिंग बुकातील मजकूरच पुढे करावा लागतो. तेव्हा तासभर तावातावाने बोलून मिळवलेली गोष्ट दोन ओळींच्या टिपणात गळून गेली आणि पुढच्या सभेत ते टिपण न वाचताच कायम झाले, तर तक्रारीला जागा उरत नाही.

नोकरीच्या काळात मी एका सहकारी पतसंस्थेचा चिटणीस होतो आणि संचालक मंडळाची इतिवृत्ते लिहिणे हे माझ्याकडील एक काम होते, म्हणून या बाबतीत थोडे अधिकाराने लिहितो. मी रुजू होण्यापूर्वीच्या मंडळाने थकबाकीदारांना व्याजात सवलत देण्याचा ठराव केला होता. हेतू चांगला होता, चर्चाही भरपूर झाली असावी, पण पुस्तकात ‘सवलत देण्यात यावी, सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहिले गेले. सवलत कोणत्या तारखेपासून, चालू थकबाकीला की जुन्या थकबाकीलाही, आणि ज्याने आदल्याच महिन्यात पूर्ण व्याज भरले त्याचे काय, याचा त्यात उल्लेख नव्हता. पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त कायम झाले तेव्हा कोणी हूं की चूं केले नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी याच मुद्द्यावर गोंधळ घातला, तेव्हा त्या बैठकीला हजर असलेले संचालकही एकमेकांच्या विरुद्ध सांगू लागले, कारण प्रत्येकाला आपापले बोलणे आठवत होते. शेवटी नव्याने ठराव करावा लागला आणि मधल्या काळातील खात्यांचा हिशेब लावताना आम्हा कर्मचाऱ्यांच्या नाकी नऊ आले. एका पतसंस्थेत हे होते, तर लाखो लोकांच्या घरपट्टीचा, पाण्याचा आणि रस्त्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेत काय होऊ शकते, याची कल्पना करता येईल.

कल्पना करण्याची तरी काय गरज आहे? 2023 च्या उत्तरार्धात घरपट्टीवाढीच्या ठरावावरून आपल्या महापालिकेत जे वादळ उठले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. त्यात कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा मी करू इच्छित नाही आणि तो माझा अधिकारही नाही. माझ्यापुरता मुद्दा एवढाच, की सभागृहात काय ठरले आणि सरकारकडे गेलेल्या कागदावर काय लिहिले होते, याच प्रश्नाभोवती तो वाद फिरत राहिला. घरपट्टीत दरवर्षी 3 ते 5 टक्के वाढ करण्याची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. टक्का किती आणि तो कोणत्या आर्थिक वर्षापासून, या दोन गोष्टी ठरावात निःसंदिग्ध लिहिलेल्या असतील तरच वडगाव, शहापूर किंवा अनगोळमधील सामान्य घरमालकाला आपल्या चलनावरील रकमेचा अर्थ लागतो. एप्रिलमध्ये कर भरणाऱ्याला 5 टक्के सूट मिळते म्हणून पुष्कळ कुटुंबे वर्षाच्या आरंभीच रक्कम भरून मोकळी होतात. त्यांच्या दृष्टीने ठरावातील वर्षाचा आकडा ही कारकुनी बाब राहत नाही.

दुसरे असे की, आपल्याकडे महापौर आणि उपमहापौर यांची मुदत अवघी एक वर्ष असते. आपल्याच जिल्ह्यातील निपाणीसारख्या नगरपालिकांत नगराध्यक्षांना अडीच वर्षे मिळतात, सीमेपलीकडे कोल्हापुरात महापौरांनाही तितकीच. बेळगावच्या महापौरांना मात्र खुर्चीची सवय होते न होते तोच पुढच्या आरक्षणाची चर्चा सुरू होते. चारही स्थायी समित्या दरवर्षी नव्याने निवडल्या जातात. आयुक्तांच्या बदल्या होतात त्या वेगळ्याच. मागच्या वर्षी काय ठरले, त्यातले काय झाले आणि काय अडले, हे सलगपणे लक्षात ठेवणारी व्यक्ती या रचनेत कोणी उरत नाही. ते लक्षात ठेवायचे काम इतिवृत्ताचे. ते जर त्रोटक, संदिग्ध किंवा विलंबाने तयार होणारे असेल, तर नवे महापौर तोच विषय पुन्हा पहिल्यापासून मांडतात, तीच चर्चा होते आणि तीच आश्वासने मिळतात. बळ्ळारी नाल्याच्या सफाईचा आणि रुंदीकरणाचा विषय आठवून पाहावा. दर पावसाळ्यात नाल्याचे पाणी येळ्ळूर रस्ता आणि वडगाव-शहापूर शिवारातील भातपिकात शिरते, शेतकरी निवेदने देतात, पाहणी होते. कोणत्या वर्षी या नाल्याबाबत नेमका कोणता ठराव झाला, जबाबदारी कोणत्या विभागाकडे सोपवली गेली आणि मुदत काय दिली, हे सलग मांडून दाखवणारा एखादा कागद नगरसेवकांच्या हाती असता, तर प्रश्न कोणाला विचारायचा हे तरी त्यांना कळले असते.

या सभागृहासाठी शहराने वाट कमी पाहिलेली नाही. 58 प्रभागांची निवडणूक 2021 च्या सप्टेंबरमध्ये झाली आणि महापौर निवडून सभागृह प्रत्यक्ष अस्तित्वात आले ते 2023 च्या फेब्रुवारीत. मधले जवळपास दीड वर्ष निवडून आलेले नगरसेवक होते, पण सभा नव्हती. त्याही आधी, 2005 मध्ये, महाराष्ट्रात विलीनीकरणाची मागणी करणाऱ्या ठरावानंतर सरकारने महापालिकाच बरखास्त केली होती. त्या ठरावाचे समर्थन वा विरोध हा आजच्या पत्राचा विषय नाही; परंतु लिखित ठरावाचे वजन काय असते हे बेळगावकरांना निराळे सांगावे लागू नये.

काही जण म्हणतील की, आता महत्त्वाचे निर्णय सभागृहात होतातच कुठे? या आक्षेपात तथ्य आहे. 2016 मध्ये बेळगावची निवड स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत झाली आणि तेव्हापासून शहरातील अनेक मोठी कामे स्वतंत्र कंपनीमार्फत झाली, जिचे संचालक मंडळ वेगळे आणि बैठकाही वेगळ्या. 2008 मध्ये दहा प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. तो साऱ्या शहरात नेण्याचे काम राज्य सरकारच्या यंत्रणेमार्फत खासगी कंपनीकडे आहे. राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे पाणी कोणत्या गल्लीत किती वेळ यायचे, यावर नगरसेवक सभागृहात बोट ठेवतात, पण उत्तर देणारा अधिकारी पुष्कळदा दुसऱ्याच यंत्रणेचा असतो. मात्र त्याच कामांचे झेंगट पुढे महापालिकेच्या गळ्यात येते, हेही आपण पाहिले आहे. शहापुरातील बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंतच्या रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीच्या भरपाईचा कोट्यवधी रुपयांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या वाटेने 2024 मध्ये महापालिकेच्या दारात आला. अशा वेळी रस्ता आखताना भूसंपादनाविषयी कोणी काय विचारले होते आणि त्याला काय उत्तर मिळाले, याची नोंद मागे जाऊन पाहता आली पाहिजे. म्हणून निर्णय अन्यत्र होत असला तरी सभागृहात विचारलेला प्रश्न, त्याला मिळालेले उत्तर आणि उत्तर देणाऱ्याचा हुद्दा इतिवृत्तात यायलाच हवा. ‘सदर विषयावर चर्चा झाली’ एवढ्या एका वाक्यात अशा गोष्टी गुंडाळू नयेत.

स्थायी समित्यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. खरी छाननी तेथे होते आणि तेथे प्रेक्षक जवळजवळ नसतातच, म्हणून त्यांच्या शिफारशी सर्वसाधारण सभेपुढे गठ्ठ्याने मांडून एकदम मंजूर करून घेण्याचा मोह टाळला पाहिजे.

भाषेविषयीही लिहिणे भाग आहे, जरी ते लिहिताच पत्राचा रोख बदलल्याचा समज काहींचा होईल. सभेची नोटीस, विषयपत्रिका आणि इतिवृत्त कन्नडबरोबरच मराठीतही मिळावे, ही मागणी मराठी नगरसेवक वारंवार करत आले आहेत. पूर्वी या सभागृहाचे कागद कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मिळत असत, हे जुन्या मंडळींना चांगले आठवते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी 1956 मध्ये जी योजना आखली गेली, तिच्यानुसार स्थानिक लोकसंख्येत ज्यांचे प्रमाण किमान 15 टक्के आहे अशा भाषिकांना महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत उपलब्ध करून द्यायच्या आहेत. बेळगावातील मराठी भाषक या अटीत बसतात की नाही, अशी शंका कोणी घेणार नाही. कन्नड ही राज्यभाषा आहे, अधिकृत मजकूर कन्नडचाच राहील आणि त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण ज्या नगरसेवकाला कागद वाचता येत नाही तो इतिवृत्त ‘वाचून कायम’ कसे करणार? शेजारच्या बाकावरील सहकाऱ्याला विचारून हात वर करणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे. मराठीभाषक नगरसेवक सत्ताधारी गटातही मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी ही मागणी पक्षाच्या चौकटीबाहेर ठेवून उचलून धरल्यास ती एका गटाची म्हणून बाजूला सारता येणार नाही.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. सभा संपल्यावर आठवड्याभरात इतिवृत्ताचा कच्चा मसुदा सर्व नगरसेवकांना पाठवावा आणि त्याच दिवशी तो महापालिकेच्या संकेतस्थळावर व सूचनाफलकावर लावावा. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक संस्थांवर आपणहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन 2005 पासून घातलेलेच आहे. त्यासाठी नागरिकाला अर्ज करून दहा रुपये भरायला लावू नये. पुढच्या सभेत निदान आर्थिक स्वरूपाचे ठराव मोठ्याने वाचून दाखवावेत आणि कोणी दुरुस्ती सुचवल्यास जुना व नवा असे दोन्ही मजकूर पुस्तकात ठेवावेत. प्रत्येक ठरावापुढे अंमलबजावणी कोणी करायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, असा रकाना असावा, आणि मागील तीन सभांतील ठरावांच्या कार्यवाहीचा तक्ता प्रत्येक विषयपत्रिकेला जोडला जावा. शेवटची सूचना अधिकाऱ्यांना सर्वांत कमी रुचेल, याची मला जाणीव आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. सभेच्या वृत्तांतात वादावादीला जेवढी जागा मिळते, तिच्यातील चार इंच जागा आदल्या सभेच्या ठरावांच्या मूळ मजकुरासाठी राखून ठेवता आली, तर तो मजकूर आणि आदल्या महिन्यातील आपलीच बातमी वाचक शेजारी ठेवून पाहू शकतील. दोहोंत फरक आढळला तर तो आपापल्या प्रभागातील नगरसेवकाला दाखवण्याचे काम आम्ही करू. आणि तो फरक इतिवृत्त कायम होण्याआधी दाखवता यावा, एवढ्याचसाठी मसुदा वेळेवर हवा आहे.

कळावे.

आपला,
एक करदाता नागरिक
वडगाव, बेळगाव