क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फोन भरला की गुगल फोटोजमधून फोटो पुसायचे, 'क्लाउडवर (म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरील साठ्यात) आहेतच' म्हणत. पण फोन आणि क्लाउड जोडलेले असतात. इथले पुसले की तिथलेही जाते. कचरापेटीत फोटो ६० दिवस राहतात, गुगल ड्राइव्हच्या फाइली ३०च. फोन मोकळा करायला 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे, तोच वापरावा. दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खातेही गुगल बंद करू शकते. आजोबांच्या नावाने काढून विसरलेले खाते आधी उघडून बघा!

क्लाउड चालवणाऱ्या कंपनीकडेही अपघात होतातच. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे डेटा सेंटर (ग्राहकांची माहिती साठवणाऱ्या संगणकांची इमारत) जळाले. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांचे गेले ते गेलेच.

म्हणून दर तीन महिन्यांनी गुगल टेकआउटमधून (गुगलवरचा आपला डेटा एकत्र उतरवून घेण्याची सोय) हार्ड डिस्कवर प्रत उतरवावी. ती प्रत भागांमध्ये मिळते आणि भागाचा आकार आपोआप २ जीबी असतो. तो ५० जीबी केला की शंभर तुकडे सांभाळावे लागत नाहीत. प्रत उतरवण्यासाठी गुगल देते तो दुवा आठवडाभरच चालतो. सगळे भाग उतरले का ते मोजावे, दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात, मगच मूळ पुसावे. हार्ड डिस्क मात्र माळ्यावर नको. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी उन्हात पत्र्याखाली ती भाजून निघते. खालच्या कपाटात ठेवावी. दुसरी प्रत नातेवाइकाकडे, शक्यतो दुसऱ्या गावी.

— एक संगणक व्यावसायिक, सीताबर्डी, नागपूर