नवीन गाड्या नंतर द्या, आधी दुसरा रूळ टाका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सेलूचा. आमच्याकडं कुणी संभाजीनगरला निघालं की घरचे पहिलं विचारतात, क्रॉसिंग कुठं पडंल, म्हणजे समोरच्या गाडीसाठी आपली गाडी कुठं थांबंल? मागच्या हिवाळ्यात आईला दवाखान्यात घेऊन निघालो होतो, तर गाडी एका बारक्या स्टेशनात लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घातली ती पाऊण तास तिथंच, आधी समोरून एक एक्स्प्रेस गेली, वाटलं आता सुटली, तर मागून आलेली सुपरफास्ट पुढं काढली. आईला शुगर, जवळचा डबा संपलेला, खाली उतरून बघितलं तर साधा चहावाला नाही. पोचलो तवर ओपीडीची खिडकी बंद, रात्री पाहुण्याकडं मुक्काम पडला.

याचं कारण आमची परभणी-संभाजीनगर लाईन सिंगल. सिंगल लाईन म्हणजे दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी, समोरची पूर्ण आत आल्याशिवाय आपल्याला सिग्नल नाही. त्यामुळं सकाळी एक गाडी लेट झाली की मानवत रोड, परतूर, रांजणी, बदनापूर सगळीकडं लोक ताटकळतात. लाईट आली, इंजिनं बदलली, पण रूळ एकच, मग थांबणं कमी होणार कसं? आणि थांबतं कोण, तर खंडपीठात तारीख असलेला शेतकरी, मुकुंदवाडीला उतरून कंपनीत जाणारा पासवाला पोरगा. त्याचा खाडा पडतो हो.

मुंबईची वंदे भारत डिसेंबर २०२३ ला जालन्याहून सुरू झाली, २०२५ मधे नांदेडपर्यंत आली, आनंदच आहे. पण त्याच एका रुळावर अजून एक फास्ट गाडी आली की आमची गाडी अजून एकदा लूपला जाते. म्हणून मी स्पष्टच म्हणतो, सध्या नवीन गाडी मागूच नका.

परभणी ते मुदखेड डबल लाईन झाली तर तिकडं फरक पडला, आम्ही तो रोज बघतो. संभाजीनगर ते परभणी १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं जुलै २०२५ मधे मंजुरी दिली. पण ब्रॉडगेजसाठी, म्हणजे रुंद रुळासाठी, स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं आणि निजामाच्या काळातली ती अरुंद रुळाची मीटरगेज १९९० च्या दशकापर्यंत आमच्या गळ्यात होती, मनमाडला सामानसुमान घेऊन गाडी बदललेली माझ्या वडिलांच्या पिढीला चांगलं आठवतं. त्यामुळं नुसत्या मंजुरीवर आमचं समाधान होत नाही.

सगळे १७७ किलोमीटर पूर्ण व्हायची वाट बघू नका. परभणी-सेलू, सेलू-परतूर, परतूर-जालना असे तुकडे करा, जो झाला तो लगेच चालू करा, आणि कुठला तुकडा कोणत्या महिन्यात होणार त्याचा बोर्ड प्रत्येक स्टेशनवर लावा. तोवर निदान सकाळी दवाखान्याच्या आणि कोर्टाच्या टाइमाला जाणारी गाडी तरी कुणासाठी लूपला घालू नका.

आपला,
एक वाचक, सेलू, जि. परभणी