३१ तारखेच्या आधी

नाशिक

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू राजीनाम्याचं सांगितलंस, तेव्हा बाबा शेजारीच होते म्हणून मी फार बोलले नाही. नोकरी सोडण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझा जीव अडकलाय तो नवीन नोकरी सुरू होईपर्यंतच्या मधल्या दीड महिन्यात. ३१ तारखेला तू तिथून सुटणार आणि कंपनीच्या ग्रुप आरोग्य विमा पॉलिसीतून तुझ्याबरोबर आम्हा दोघांचीही नावं जाणार.

२०१६ साली तू दहावीत होतास, म्हणून तुला तेव्हा फार सांगितलं नव्हतं. बाबांनी अंबडचा कारखाना सोडला आणि अकराव्या दिवशी पहाटे त्यांना मूतखड्याच्या कळा सुरू झाल्या. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने कार्डाचा नंबर दोनदा टाकून पाहिला आणि म्हणाली, "काकू, पॉलिसीत नाव दिसत नाहीये." माझ्या हातात रुमालात बांधलेलं बाबांचं घड्याळ आणि अंगठी. वर्षाचा हप्ता भरलाय म्हणजे वर्षभर चालेल, असंच मी धरून चालले होते. पण ती पॉलिसी कंपनीची असते. माणूस गेला की त्याचं नाव वगळतात. त्या दिवशी ५८,००० रुपये मी भिशीतून उचलले आणि पुढची दीड वर्षं फेडले.

म्हणून तुला सांगते. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीची स्वतःची पॉलिसी घेता येते. याला मायग्रेशन म्हणतात आणि विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या नियमांत ती सोय आहे. कोरी करकरीत पॉलिसी घेतलीस तर बाबांच्या शुगरसाठी वेटिंग पिरियड, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ, नव्याने सुरू होईल. पूर्वी तो ४ वर्षांपर्यंत असायचा, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं केलाय. मायग्रेशन केलंस तर ग्रुपमध्ये काढलेला काळ धरला जातो, जुन्या विमा रकमेपुरता. आमची नावं तिथे पहिल्या दिवसापासून, म्हणजे साडेतीन वर्षं आहेत. ती वर्षं वाया घालवायची नाहीत, बाळा. दुसरी विमा कंपनी आवडली तर पुढे नूतनीकरणाच्या वेळी पोर्ट करता येईल, म्हणजे पॉलिसी तिकडे हलवता येईल.

तुमच्याकडे एचआर नाही, सगळं अकाउंटंटच बघतात, हे मला ठाऊक आहे. मूळ पॉलिसी मालकाकडे आणि आपल्याकडे नुसतं ई-कार्ड. तेव्हा त्यांना लेखी मेल टाक: पॉलिसी नंबर, विमा रक्कम आणि आपली नावं कोणत्या तारखेपासून आहेत त्याचं पत्र हवंय म्हणून. एकदा बाहेर पडलास की तुझ्या कागदासाठी कोण धावपळ करणार?

फॉर्मवर बाबांची शुगर आणि बीपी दोन्ही लिही, अगदी गोळ्यांच्या नावासकट. प्रीमियम वाढला तरी चालेल. लपवलेल्या आजारावरून क्लेम अडला तर भरलेले सगळे हप्ते पाण्यात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेवढा तरी भार हलका झाला. कमी पडलं तर माझ्या आरडीतून घे, संकोच करू नकोस.

नवीन कंपनी विमा देईल, हे तुझं म्हणणं बरोबर असेल. पण आईवडिलांना घेईल का, ते ऑफर लेटरमध्ये आहे का? आणि तीही नोकरी कधीतरी सुटेलच ना? बाबा सातपूरला होते तेव्हा ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं कार्ड होतं, मोठा आधार होता तो. तुझा महिन्याचा पगार त्यांच्या २१,००० च्या मर्यादेवर, त्यामुळे ती वाट तुला नाही. आजीची काळजी मात्र करू नकोस. सत्तरीच्या पुढच्यांना ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते मी तिचं काढून घेतलंय.

बाबांचे तीन वर्षांचे रिपोर्ट मी तारखेप्रमाणे फाईलला लावलेत. शनिवारी आलास की घेऊन जा. अकाउंटंटना मेल मात्र आजच कर, आणि केलास की मला कळव.

तुझी,
आई