लक्ष नसले तरी अनुभव असतोच

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अवधानाविषयीच्या लेखात सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या प्रयोगाचा दाखला देऊन ‘ज्याकडे लक्ष गेले नाही ते अनुभवलेच नाही’ असा निष्कर्ष काढला आहे. तो मला घाईचा वाटतो. चित्रफितीतले चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांनी खेळाडूंमधून गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस पाहिल्याचे सांगितले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात पिठाच्या गिरणीच्या वर राहणाऱ्याला न सांगणे आणि न अनुभवणे यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. वीज जाऊन पट्ट्याची घरघर थांबली की तेव्हा कुठे ध्यानात येते, की ती सकाळपासून चालू होती. इतकेच नव्हे, तर मधे धान्य संपून दगड रिकामे फिरले तेव्हा आवाज बदलला होता, हेही आठवते. अनुभव येणे वेगळे आणि तो विचाराच्या वा बोलण्याच्या कामी येणे वेगळे, असे नेड ब्लॉक या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये मांडले. आवाजाची नोंद मेंदूत नकळत झाली आणि नंतर वर आली, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि तो वजनदार आहे. कारण ‘काही जाणवते का’ असे विचारताक्षणी लक्ष तिकडेच जाते, त्यामुळे लक्षाबाहेरचा अनुभव थेट विचारून तपासता येत नाही.

तरीही मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्पर्लिंग यांचा १९६० चा प्रयोग विचारात घ्यावा. तीन ओळींतली बारा अक्षरे सेकंदाच्या विसाव्या भागापुरती दाखवली, तर सगळी दिसल्यासारखी वाटूनही चार-पाचच सांगता येत. पण अक्षरे नाहीशी होताच सूर वाजवून एखादी ओळ सुचवली, तर त्या ओळीतल्या चारपैकी तीनेक सांगता येत, मग ती ओळ कोणतीही असो. सांगितले त्याहून अधिक काही हाताशी होते, हे उघड आहे. ते अनुभवात होते की नुसत्या नोंदीत, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मला पहिला पर्याय पटतो.

‘माझे मन दुसरीकडे होते, म्हणून मी पाहिले नाही’ हे बृहदारण्यक उपनिषदातले वचन लेखाच्या बाजूचे आहे, हे मान्य. मात्र आपल्याच परंपरेत नव्यन्याय या तर्कशास्त्राच्या शाखेने निर्विकल्पक प्रत्यक्ष, म्हणजे ‘हे अमुक’ अशी ओळख पटण्याआधीचे ज्ञान मानले, जे ज्याला होते त्यालाही कळत नाही, अनुमानानेच मानावे लागते.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असताना, तक्रार करणाऱ्याला ‘होईल सवय’ असे सर्रास ऐकवले जाते. त्या उत्तराला आपल्या लेखाने आयते शास्त्र पुरवले, म्हणून हे पत्र.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक